खंबातच्या आखातात भरती-ओहोटी व प्रवाह पाहण्यासाठी हातातील उपकरण कोणते घ्यावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
नमस्कार. आम्ही तिघे मित्र आजवर स्थिर पाण्यातच कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) चालवत आलो आहोत. कावी-कंबोईला भरतीत स्तंभेश्वराचे देऊळ पाण्याखाली जाताना पाहिल्यापासून मही नदीच्या मुखाशी कयाक नेण्याची इच्छा आहे. मी पाहिलेले हातातील जीपीएस यंत्र भरती-ओहोटीच्या वेळांसाठी जवळचे केंद्र म्हणून भावनगर दाखवते. तेवढ्यावर विसंबावे का?

उत्तर:
विसंबू नये. भावनगरला उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे 10 मीटर चढते-उतरते, मुंबईत त्याच्या निम्म्याच्या आसपास. नदीच्या मुखात शिरताना भरतीची वेळही बदलते आणि आकारही, कारण उथळ पात्रात पाणी झपाट्याने चढते व सावकाश ओसरते. म्हणून भरती व ओहोटी दोन्हींना सारखेच सहा-सहा तास धरणारे ठोकताळे तेथे फसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची वार्षिक कोष्टके आधी पाहावीत, आणि यंत्रातील वेळ भारतीय आहे की जागतिक हेही तपासावे. साडेपाच तासांची चूक जिवावर बेतू शकते.

दुसरे उत्तर:
वरील मताशी सहमत आहे, परंतु माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट वेगळीच आहे. पाण्याची उंची आणि पाण्याचा वेग या दोन निरनिराळ्या बाबी असून पूर्ण भरतीच्या क्षणी प्रवाह थांबतोच असे नाही. प्रवाह मोजण्याचे साधन मात्र तुमच्या हातातच आहे. वल्ही थांबवून दोन मिनिटे वाहत राहा. जीपीएसवर दिसणारा वेग व दिशा, वाऱ्याचा परिणाम वजा करता, प्रवाहाचीच असते. वेग 3 नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर निघाला, तर त्याच्याविरुद्ध वल्हवणारा सामान्य माणूस जागच्या जागी राहतो, आणि या आखातात प्रवाह त्याहून कितीतरी जोरात वाहतो. त्यामुळे पहिल्या वेळी भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढते-उतरते त्या अष्टमीच्या सुमारास, आणि स्थानिक मच्छीमाराच्या सोबतीनेच जावे.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे आभार. अष्टमीच्या सुमारास, पण कयाकशिवाय जाऊन मच्छीमारांच्या होडीतून प्रवाह मोजण्याचे ठरवले आहे. ओहोटीला चिखलात अडकल्यास काय करावे?

दुसरे उत्तर देणारे:
होडीतच बसून राहावे. तेथील गाळात पायी उतरणे सर्वांत धोक्याचे आहे. पिण्याचे पाणी आणि जलरोधक पिशवीत दूरध्वनी जवळ ठेवून पुढच्या भरतीची वाट पाहावी.