एसीचं काम फसलं, बाकीचे ९,५०० दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. काय करावं?

बोरीकाठ (पारोळा)
९ वर्षं जुनी हॅचबॅक. एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला म्हणून धुळ्याच्या एका गॅरेजला टाकली. व्हॉट्सॲपवर अंदाज दिला १४,०००. बिल आलं २१,५०० चं: कॉम्प्रेसर १५,५००, गॅस १,८००, मजुरी ३,०००, 'इतर' १,२००. साधा कागद, ना शिक्का ना नंबर. १२,००० देऊन गाडी आणली, बाकी नंतर द्यायचं ठरलं. आठवड्यात गार हवा बंद. परत नेली तर म्हणे कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) लीक आहे, त्याचे ६,५०० वेगळे, आणि आधीची बाकी ९,५०० टाका, मगच चावी. जुना कॉम्प्रेसरही दाखवला नाही. बाकी द्यावी का? दुसऱ्या मेकॅनिकला दाखवू का?

पांझराकाठ
दाखवा भाऊ, पण खोलू देऊ नका. दुसऱ्याने गॅस भरला की पुरावा गेला. मग पहिला म्हणणार, त्यानेच बिघडवलं.

माहितगार माणूस सोबत घेऊन गॅरेजमध्येच तपासणी करा. इंजिन बंद, गाडी सावलीत थंड झालेली, मग गेज (दाब मोजायचं मीटर) लावा. आर-१३४ए गॅस असेल तर ४० अंशाला दोन्ही काटे साधारण १३० पीएसआयवर हवेत. ५०-६० वर असतील तर गॅस गेलेला आहे. १३० दिसले म्हणून गॅस पूर्ण आहे असं मात्र समजू नका. आत थोडा द्रव उरला तरी काटा तिथेच राहतो. खरा हिशोब वजनाचा. रिकव्हरी मशीनने गॅस काढला की किती ग्रॅम निघाला ते दिसतं, आणि किती हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. दोन्हींचे फोटो घ्या.

मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं. पाइपच्या जोडाशी, नटाखाली बुडबुडे आले तर ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) बसवताना चूक झाली. ते काम त्याचंच, फुकट करून द्यायला हवं. जोडापाशी तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तरी तेच समजा. कंडेन्सरच्या जाळीत मधोमध बुडबुडे आले तर तो दगडाने किंवा गंजाने गेलेला. ते मजुरीचं पाप नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. कॉम्प्रेसर जाम होतो तेव्हा धातूचा चुरा पुढे कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशिंगने (आतून धुऊन) तो चुरा निघत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) कंडेन्सरलाच जोडलेला असतो, आणि तो कॉम्प्रेसरसोबत बदलायचाच असतो. म्हणजे कंडेन्सर पहिल्याच अंदाजात यायला हवा होता. 'इतर १,२००' मध्ये ड्रायर आहे का, फ्लशिंग आहे का, हे लेखी विचारा. दोन्ही नसेल तर नवा कॉम्प्रेसरही फार दिवस टिकायचा नाही.

ग्राहकवाट, जळगाव
बाकीचा हिशोब आधी फोडा. कबूल केलेले १४,०००, दिलेले १२,०००. म्हणजे वाद नसलेले फक्त २,०००. वरचे ७,५०० न विचारता वाढवलेले आहेत. २,००० आजच यूपीआयने टाका, शेऱ्यात 'अंदाजाप्रमाणे बाकी' लिहा. रोख देऊ नका.

चावीबद्दल: करार कायदा १८७२, कलम १७०. कारागिराला आपल्या मजुरीपोटी वस्तू अडवून ठेवता येते, पण ती त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. त्याने तुमची गाडी एकदा सोडली होती. तक्रारीसाठी परत आणली म्हणून जुन्या बाकीपोटी अडवायचा हक्क पुन्हा जिवंत होत नाही. दुरुस्त केलेल्या फ्रिजबाबत नागपूर हायकोर्टाचा स्वातंत्र्यापूर्वीचा असाच निकाल आहे. हे त्याला शांतपणे, लेखी कळवा. पोलीस बहुधा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील.

गाडीवाचून अगदीच अडत असेल तर ७,५०० भरा, पण आधी व्हॉट्सॲपवर लिहा: 'हरकत राखून, गाडी सोडवण्यासाठी देत आहे, काम मान्य नाही.' हे न लिहिता दिलेत तर बिल कबूल केल्यासारखं होतं.

भुसावळी पाना
गॅरेजवाल्याच्या बाजूने बोलतो. गिऱ्हाईकच म्हणतं 'सध्या कॉम्प्रेसरचंच बघा, कंडेन्सर राहू द्या', आणि मेच्या उन्हात, ४४ अंशाला दाब चढला की जुना कंडेन्सर फुटतो. पंखा मंद फिरत असेल तर आणखी लवकर. भाऊ, तुम्हाला कंडेन्सर सुचवला होता का, चॅट बघून सांगा.

नसेल सुचवला तर माझ्या मते रास्त तोड ही: कंडेन्सरचा भाग तुमच्या पैशाने, कारण तो तसाही लागणारच होता. गॅस आणि मजुरी दुसऱ्यांदा शून्य. ६,५०० त भाग किती, मजुरी किती, ते फोडून मागा.

आणि कॉम्प्रेसर नवा की रिकंडिशन, ते बघा. अंगावर ताजा काळा रंग आणि पार्ट नंबरचं लेबल गायब, तर शंका घ्या. खोका मागा, त्यावर एमआरपी असते.

बोरीकाठ (पारोळा)
चॅटमध्ये कंडेन्सरचा उल्लेख नाही. खोका 'फेकला' म्हणतो. कच्च्या बिलावर तक्रार चालते का? आणि धुळ्याला खेटे घालावे लागतील का?

ग्राहकवाट, जळगाव
चालते. चॅट, यूपीआयची नोंद, फोटो हे सगळं पुराव्यात येतं. उलट पक्कं बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल लेखी मागा. त्याने टाळलं तर तेही तुमच्याच बाजूने.

धुळ्याला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे पारोळ्यासाठी जळगाव जिल्हा आयोग. रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत २ वर्षं. ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर भरता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन जरूर करा, पण एकट्यादुकट्या गॅरेजवर त्याचा फार दाब पडत नाही.

त्याआधी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. मागणी नेमकी लिहा: गाडी परत, जुना कॉम्प्रेसर किंवा त्याचा हिशोब, पक्कं बिल, आणि वर पाना भाऊंनी सांगितलेली तोड. 'मानसिक त्रासाचे २ लाख' वगैरे घालू नका, त्याने मूळ मुद्दा पातळ होतो.

पांझराकाठ
तोड झाली तर नवा कंडेन्सर बसताना तिथे थांबा. ओ-रिंग नव्या, व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं) किमान अर्धा तास, मग पंप बंद करून काटा हलतो का ते बघायचं. गॅस वजनकाट्यावर तोलून, स्टिकरइतकाच. 'थंड लागेपर्यंत भरतो' म्हणाला तर थांबवा. जास्त गॅसनेही कॉम्प्रेसर जातो.