मदत हवी आहे: नव्या आयांच्या गटातल्या बायकांची माहिती कशी जपावी?

जाईची_वेल

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

(संपादन: काळाकोट यांच्या सांगण्यावरून गाव, वार आणि एका मुलीबद्दलचा तपशील काढला आहे. कान पकडले.)

आम्ही चौघी मिळून गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांचा गट चालवतो. आठवड्यातून एकदा, दीड तास. चहा, गप्पा, रडणं, कधी नुसतं कुणीतरी बाळ धरतं आणि आईला पंधरा मिनिटं डोळे मिटता येतात. महिन्यातून एकदा एक समुपदेशक येतात, त्या बाळंतपणाच्या काळातलं नैराश्य ओळखायची एडिनबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. मी स्वतः धाकट्याच्या वेळी यातून गेलेय. तेव्हा घरात 'बाळंतवात डोक्यात गेला' एवढंच निदान होतं. म्हणून हा खटाटोप.

तर झालं असं. (थोडं बदलून लिहितेय.) एकीने रात्री व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, 'आज बाळाला जवळ घ्यावंसंच वाटलं नाही, रडू दिलं तसंच.' दुसरीचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला होता. स्क्रीन उजळली, तिच्या जावेनं वाचलं. दोन दिवसांत गोष्ट पहिलीच्या सासरी. ती आता येत नाही. फोन केला की 'बरी आहे' म्हणून ठेवून देते.

बाकीच्या बायका आमच्यापेक्षा शहाण्या निघाल्या. एकीच्या फोनमध्ये माझा नंबर 'शिलाई मशीन' नावाने आहे, एकीने 'भिशी' लिहिलंय. आम्ही मात्र गटाला ठसठशीत 'आई-मन आधार' नाव देऊन वर कमळाचा फोटो लावून बसलो होतो.

मग मी बाकीचं तपासायला घेतलं. भाच्याने गूगल फॉर्म करून दिला होता. त्यात नाव, पत्ता, मोबाईल, बाळंतपण कसं झालं, आधी गर्भपात झालाय का, नवरा काय करतो, सगळं. त्याची शीट मी दिराच्या फोनवरून, लॉगिन न करता, नुसत्या लिंकवरून उघडून पाहिली. उघडली. पूर्ण यादी, वरपासून खालपर्यंत. लिंक तेवढ्यात बंद केली, पण ती आधी कुठे कुठे गेली असेल देव जाणे.

आणि तिसरं. समुपदेशकांचं मानधन एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) येतं. त्यांनी आता लाभार्थी यादी मागितली आहे: नाव, आधार नंबर, मोबाईल, सही आणि जिओटॅग (काढल्याची जागा नोंदलेला) फोटो. नाही म्हटलं तर पैसे थांबतील, आणि पैसे थांबले तर समुपदेशक थांबतील.

मुळात कोणती माहिती ठेवावी, कोणती ठेवूच नये? देणगीदाराला काय द्यावं? कायदा काय म्हणतो? आणि व्हॉट्सॲपचं काय करू? जाणकारांनी कृपया सांगा.

काळाकोट

ताई, आधी धागा संपादित करा. वार, गाव आणि 'जुळ्यांची बावीस वर्षांची आई' एवढ्यावर तुमच्या तालुक्यातला कोणीही बोट ठेवेल. छोट्या गावात नाव लिहिलं नाही म्हणजे ओळख लपली असं होत नाही.

आता कायदा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. ते उपचार देणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांना बांधतं, म्हणजे तुमच्या समुपदेशकांना ते बंधन आहे असंच धरून चाला. चहा करणाऱ्या स्वयंसेविकेला ते लागू आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. म्हणून भरलेल्या प्रश्नावल्या समुपदेशकांकडेच राहू द्या, तुमच्या फाईलला नकोत. स्वयंसेविकांकडून साधं लेखी वचन घ्या.

दुसरा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमती, सूचना वगैरे मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. २५० कोटींच्या दंडाचा आकडा वाचून घाबरू नका, ती कमाल मर्यादा आहे. पण त्याचा विचार आजच उचला. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. वहीतली नोंद त्यात येत नाही, पण हजेरीच्या पानाचा फोटो काढून कुणाला पाठवलात की ती माहिती डिजिटल झाली.

तुमच्या देणगीदारासाठी कलम ६ वाचा. संमती दिली तरी ती त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यातच उदाहरण आहे: टेलिमेडिसिनच्या ॲपने फोनमधल्या नंबरांची यादी मागितली आणि बाईने 'हो' दाबलं, तरी ती यादी उपचाराला लागत नाही, म्हणून ती संमती तिथे लागू नाही. मनातलं बोलायला आधार नंबर लागतो का? नाही.

गवतीचहा

+१. आमच्या संस्थेत हाच प्रकार झाला होता. आम्ही कंपनीला विचारलं, तुम्हाला नेमकं काय सिद्ध करायचंय? उत्तर आलं की 'ऑडिटरला दाखवायला काहीतरी हवं.' मग असं ठरलं: त्यांना दर महिन्याला फक्त आकडा आणि समुपदेशकांच्या सहीचं पत्र. ऑडिटरला खात्री करायचीच असेल तर त्यांनी आमच्याकडे यावं, हजेरीची वही आमच्यासमोर चाळावी, फोटो काढू नये. वहीत नावं नाहीत, क्रमांक आहेत. म-०७, म-०८ असे. कोणता क्रमांक कुणाचा ते दुसऱ्या छोट्या वहीत, आणि ती वही दुसऱ्या बाईच्या कपाटात. फोटो हवाच तर चटईवरच्या चपलांचा आणि रिकाम्या कपांचा द्या. आम्ही खरंच दिला, त्यांच्या वार्षिक अहवालात छापूनही आला.

मात्र अहवालात 'वय १९, दुसरी खेप, सिझर' असे तक्ते करू नका. तुमच्याकडे तशी एकच असेल.

व्हॉट्सॲप: साध्या गटात प्रत्येकीला प्रत्येकीचा नंबर दिसतो. ब्रॉडकास्ट यादी करा, त्यात एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचत नाही. ('शिलाई मशीन' नावाने केला तरी चालतो!) आणि त्यावर फक्त 'उद्या ४ वाजता' एवढंच. आपोआप पुसले जाणारे संदेश चालू करता येतात, पण स्क्रीनशॉट कोण थांबवणार? मन मोकळं करायचं ते समोरासमोर.

रात्रपाळी

मी प्रसूती विभागात परिचारिका. वरचं सगळं ठीक आहे, पण मला दोन गोष्टी टोचतात.

पहिली, 'इथलं काहीही बाहेर जाणार नाही' असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही. प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे 'हो' आलं तर समुपदेशकांना त्याच दिवशी हालचाल करावी लागते, बेरीज कितीही कमी असली तरी. जिवाला धोका असेल तिथे कलम २३ सुद्धा माहिती द्यायला मुभा देतं. आणि एखादी मुलगी अठरा वर्षांच्या आतली निघाली तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही, फक्त डॉक्टरांना नाही. हे पहिल्याच दिवशी, तिने काही सांगण्याआधी, साध्या भाषेत सांगा. नंतर सांगितलंत तर तो विश्वासघात वाटतो.

दुसरी, आणीबाणीचा नंबर. फॉर्मवर नवऱ्याचा नंबर आपण सवयीने लिहितो. तिला विचारा, 'कुणाला फोन करू?' आमच्याकडे कित्येकजणी माहेरच्या वहिनीचं नाव सांगतात. आणि विचारा: तुझा फोन कोण उचलतं? दुसऱ्याने उचलला तर काय सांगू?

गवतीचहा

आम्ही 'बाळाच्या डोसाबद्दल फोन केला होता' असं सांगतो.

रात्रपाळी

ते नको हो. सासू आशाताईंना विचारते, 'कुठला डोस राहिला?' आणि आशाताई म्हणतात, 'कुठलाच नाही.' झालं! 'मैत्रीण बोलतेय, नंतर करते' म्हणा आणि ठेवा. आशाताईंनाही 'ती आली होती का' याचं उत्तर तिला विचारल्याशिवाय देऊ नका. त्या चांगल्याच असतात, पण त्याच आळीतल्या असतात.

आणि दोन बैठकांच्या मधल्या रात्रींसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्रत्येकीला द्या. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

काळाकोट

रात्रपाळी यांच्याशी शंभर टक्के सहमत. एक राहिलं. फुटलेल्या यादीबद्दल त्या बायकांना सांगा. अजून कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही म्हणून गप्प बसू नका. कुणी फोन करून 'तुमच्याबद्दल कळलं' म्हणालं तर ते कुठून आलं असेल, हे तिला आधी माहीत असायला हवं.

जाईची_वेल

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, कारण आधी कामं केली.

शीट पुसली, कचरापेटीतूनही काढली, भाच्याच्या लॅपटॉपवर एक प्रत निघाली तीही. आता पत्ता, नवऱ्याचा धंदा, आधीचा गर्भपात यातलं काहीही विचारत नाही. कशाला विचारत होतो हेच आम्हा चौघींना सांगता येईना. भाचा म्हणाला, 'मावशी, फॉर्ममध्ये जागा होती म्हणून.'

बैठकीत यादीबद्दल सांगितलं. घसा कोरडा पडला होता. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, 'म्हणूनच मी खोटं आडनाव लिहिलं होतं.' तिच्या शेजारची म्हणाली, 'मी नंबर चुकीचा दिला होता.' हसावं की रडावं कळेना.

कंपनीला गवतीचहा यांच्यासारखं पत्र पाठवलंय, अजून उत्तर नाही. चपलांचा फोटो काढून ठेवलाय.

जी येत नाही तिच्याकडे जावं का, हे मात्र अजून ठरत नाहीये. घरी गेले तर आळी बघणार. रात्रपाळी, तुम्ही काय केलं असतं?

रात्रपाळी

घरी नका जाऊ. बाळाच्या लसीचा दिवस कधी आहे बघा, उपकेंद्राच्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसा. तिथे सगळ्याच बसलेल्या असतात.