मक्तेदारी की गुत्तेदारी?

टोकाई: शाळेच्या पुस्तिकेसाठी एआयवरचं प्रकरण मराठीत करतोय. मुद्दा असा, की चिप्स, डेटा सेंटरं आणि त्यांना लागणारी वीज मोजक्या कंपन्यांच्या हातात. कुणाला किती आणि काय भावानं वापरू द्यायचं ते त्याच ठरवतात. मी ‘गुत्तेदारी’ लिहिलं. पुण्याच्या संपादकबाईंनी खोडून ‘मक्तेदारी’ केलं, वर म्हणाल्या असा शब्दच नाही! परभणीत रस्ता, नाली, टाकी, सगळं गुत्तेदारच बांधतो की.

चिंचबन: शब्द आहे, पण इथं बसत नाही. आजोबांकडं निजामाच्या काळात शिंदीचा गुत्ता होता. लिलाव व्हायचा, मुदत सरली की दुसऱ्याला. गुत्ता कुणीतरी देतं. ह्यांना कुणी दिला?

सरकी: अमेरिकेनं म्हणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनला वरच्या दर्जाच्या चिप्स विकण्यावर निर्बंध घातले. जानेवारी २०२५ च्या नियमात भारतालाही मर्यादा होती. अंमल सुरू व्हायच्या आधीच, मे महिन्यात, तो मागं घेतला.

गोदातीर: मक्ता अरबीतला, गुत्ता कानडी-तेलुगूतला. स्वच्छ ‘एकाधिकार’ लिहा की.

चिंचबन: एकाधिकार म्हटलं की आमच्याकडं कापूसच आठवतो, ७२ सालची खरेदी योजना. तिथं घेणारा एक होता. इथं विकणारे मोजके. उलटा अर्थ लागेल. आणि अरबी नको तर ‘कापूस’ तरी कशाला, ‘कार्पास’ लिहा.

जुना लाइनमन: ‘वीज वापरतं’ लिहिलंय का? मोटार लाईट ‘ओढते’ म्हणतात. गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, जेमिनीच्या साध्या मजकुरी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास. म्हणजे एका युनिटात चार हजारांवर प्रश्न. तेवढ्यात पाच एचपीची मोटार पंधरा-सोळा मिनिटं चालती. उगं बोंब.

सरकी: काका, आकडा कंपनीचाच. मॉडेल शिकवायची वीज त्यात धरलेली नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरांनी ४१,५०० कोटी युनिट ओढली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. एआयशिवायचं कामही त्यात आलं, हे खरं.

जुना लाइनमन: आकडा म्हणलं की मला तारेवरचाच दिसतो. अंधार पडला की बांबूला वायर बांधून टाकायचे, अन् पहाटे डीपी जळायची.

गोदातीर: तो आकडा वेगळा, हा वेगळा.

चिंचबन: एकच. संस्कृत ‘अंक’ म्हणजे वाकही अन् खूणही.

टोकाई: मंडळी, पान उद्या छापायला जातंय…

मांजराकाठ: तारेवर टाकतात तो ‘आकोडा’. लातूरला ‘आकडा’ म्हणलं तर मटक्याचा समजतात.

जुना लाइनमन: कुठल्या लातूरला? आम्ही धाडी टाकल्यात तिथं. पंचनाम्यात ‘आकडा’च लिहायचो.

मांजराकाठ: पंचनामा साहेबाच्या भाषेत असतो, काका.