फिरणाऱ्या शाफ्टवर बेअरिंग पक्के कसे बसवावे?

प्रश्न

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना असून आम्ही व्ही-बेल्टवर चालणारे ब्लोअर तयार करतो. शाफ्ट ईएन-८ पोलादाचा आहे, बेअरिंगच्या जागी त्याचा व्यास ४० मिलिमीटर आहे, त्यावर ६३०८ क्रमांकाची दोन बॉल बेअरिंग बसवलेली आहेत आणि वेग मिनिटाला १४४० फेरे इतका आहे. दोन्ही बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला (जाड भागाच्या पायरीला) टेकवून लॉकवॉशर व लॉकनटने आवळलेली असूनही तीन महिन्यांत पुलीकडील बेअरिंगखालचा शाफ्ट झिजला आणि उघडल्यावर तेथे तांबूस तपकिरी भुकटी सापडली. आमच्या टर्नरने त्या जागी पंचाचे ठिपके मारून बेअरिंग पुन्हा घट्ट बसवले, परंतु ते काही आठवड्यांतच सैल झाले. नट आणखी आवळावा, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) घालावी की चिकटद्रव्य वापरावे, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपण नटाकडून जे काम अपेक्षित धरले आहे, ते नटाचे नाही. नट, सर्क्लिप किंवा खांदा बेअरिंगला शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकू देत नाही. इनर रेसला, म्हणजे बेअरिंगच्या आतील कड्याला, शाफ्टवर फिरण्यापासून रोखते ती केवळ फिट, म्हणजे शाफ्ट आणि भोक यांच्या मापांतून येणारा घट्टपणा. आपल्या ब्लोअरमध्ये बेल्टची ओढ सतत एकाच दिशेला असते आणि शाफ्ट फिरतो, म्हणजे इनर रेसच्या परिघावरील प्रत्येक बिंदू आळीपाळीने त्या ओढीखाली येतो. अशा वेळी रेस आणि शाफ्ट यांच्यात थोडी जरी फट असली, तरी दोहोंच्या परिघांतील फरकाइतकी रेस प्रत्येक फेऱ्याला मागे पडत जाते. फट १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) धरली तर परिघातील फरक सुमारे ३१ मायक्रॉन येतो. १४४० फेऱ्यांना गुणल्यास ती हालचाल मिनिटाला ४५ मिलिमीटर होते, म्हणजे तीनेक मिनिटांत रेसची शाफ्टभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा होते. आपल्याला सापडलेली तांबूस भुकटी हे याच घासण्यातून निघालेल्या लोखंडाच्या बारीक कणांचे ऑक्साइड आहे. नट कितीही आवळला तरी हे थांबत नाही.

शाफ्टच्या ड्रॉइंगवर नुसते ‘४० मिलिमीटर’ लिहिले आहे की टॉलरन्सही (मापातील मान्य फरक) दिला आहे, हे कृपया पाहावे. न झिजलेल्या भागाचे मायक्रोमीटरने घेतलेले मापही येथे द्यावे.

प्रश्नकर्ता

ड्रॉइंगवर टॉलरन्स नाही. झिजलेल्या जागेच्या शेजारी माप ३९.९९ मिलिमीटर आले, आणि बेअरिंग हाताने सहज सरकते, हेही सांगणे आवश्यक आहे.

पहिले उत्तर देणारे

मग कारण स्पष्ट झाले: शाफ्ट बेअरिंगच्या भोकात सैल आहे. सर्वसाधारण दर्जाच्या बेअरिंगचे ४० मिलिमीटरचे भोक शून्य ते उणे १२ मायक्रॉन या मर्यादेत असते. शाफ्ट के-६ या टॉलरन्स वर्गात, म्हणजे ४०.००२ ते ४०.०१८ मिलिमीटर या मर्यादेत ग्राइंड करून घ्यावा. त्यामुळे किमान २ आणि कमाल ३० मायक्रॉनचा घट्टपणा मिळतो. खांद्याच्या कोपऱ्यातील गोलाई बेअरिंगच्या कोपऱ्याच्या गोलाईपेक्षा लहान ठेवावी, अन्यथा रेस खांद्यावर न टेकता त्या गोलाईवरच अडकते.

पंचाचे ठिपके मात्र पुन्हा मारू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ठिपक्याच्या कडेला उचललेला धातू केवळ टोकांवर टेकतो, भार येताच चेपला जातो आणि बेअरिंग पूर्वीपेक्षाही वाकडे बसते.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त बसवण्याच्या पद्धतीविषयी भर घालतो, कारण घट्ट फिट आली की हातोडाही हाती येतो, आणि आउटर रेसवर (बाहेरच्या कड्यावर) मारलेला घाव गोळ्यांमार्फत रेसच्या खोबणीत उमटतो. त्याऐवजी इंडक्शन हीटरवर बेअरिंग ११० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे. गॅसची ज्योत त्यावर मुळीच धरू नये. हवेचे तापमान ३० अंश असेल तर ८० अंशांच्या वाढीमुळे भोक सुमारे ३८ मायक्रॉनने मोठे होते आणि ३० मायक्रॉनचा घट्टपणा असूनही बेअरिंग अलगद जागेवर जाते. थंड होताना ते रुंदीतही आकसते व खांद्यापासून किंचित सुटते, म्हणून निवेपर्यंत खांद्याशी दाबून धरावे आणि पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा आवळावा.

घट्ट फिटमुळे इनर रेस ताणली जाऊन गोळ्या व रेस यांच्यातील आतील फट कमी होते, त्यामुळे सी-३ प्रकारचे, म्हणजे ही फट नेहमीपेक्षा जास्त ठेवलेले, बेअरिंग घ्यावे. या आकारात त्याची फट १५ ते ३३ मायक्रॉन असते. दोन्ही आउटर रेस हाउसिंगमध्ये (बेअरिंग ज्यात बसते त्या कवचात) जखडू नयेत. एक बेअरिंग स्थिर ठेवून दुसऱ्याच्या आउटर रेसला सरकण्यास जागा द्यावी, म्हणजे शाफ्ट तापून लांबला तरी गोळ्यांवर बाजूचा ताण येणार नाही.

तिसरे उत्तर

चिकटद्रव्याबद्दल आपण विचारले आहे. ब्लोअर आजच्या आज सुरू करायचा असेल आणि झीज थोडी असेल, तर बेअरिंगसाठीचे अॅनएरोबिक (हवा न मिळाल्यावर घट्ट होणारे) चिकटद्रव्य चालते; मात्र शाफ्ट व रेस तेलविरहित स्वच्छ करावी आणि एकही थेंब गोळ्यांत जाऊ देऊ नये. तरीही नव्या यंत्रात चुकीचे माप झाकण्यासाठी ते वापरणे मला पटत नाही, कारण फटीत बेअरिंग केंद्रापासून ढळून बसते आणि कंप वाढतो. झिजलेल्या जागी वेल्डिंग करून पुन्हा टर्निंग करणेही टाळावे. ईएन-८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असल्यामुळे योग्य पूर्वतापन न केल्यास वेल्डलगत तडे जाऊ शकतात, आणि पुलीलगतचा तो भाग वाकण्याच्या ताणाखाली असतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नवा शाफ्टच करण्याचे ठरवले आहे. एकच शंका उरते: पुलीचा भागही ४० मिलिमीटरचा आहे, तर घट्ट बेअरिंग त्यावरून पुढे कसे न्यावे?

पहिले उत्तर देणारे

पुलीचा भाग ३८ मिलिमीटरचा ठेवावा व पुलीचे भोक त्यानुसार घ्यावे. लॉकनटचा आटा एम-४० गुणिले १.५ असाच राहील. आट्याचा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटरच्या किंचित आतच असतो, त्यामुळे बेअरिंग तेथे अडणार नाही. के-६ ग्राइंडिंग केवळ बेअरिंगच्या २३ मिलिमीटर रुंदीच्या बैठकीपुरते करून तिच्या कडेला लहान चॅम्फर (तिरका काप) द्यावा.