रोमन नाटकातला घरदेव: ठेवावा की कापावा?

विंगेतली

नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप आहे, सगळे नोकऱ्या सांभाळून नाटक करणारे. कोथरूडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी तालमी चालतात. या वेळी रोमन विनोदी नाटककार प्लॉटसचं 'औलुलारिया' घेतलंय आणि ते जुन्या पुण्यातल्या एका वाड्यात आणून बसवलंय. कंजूष म्हातारा, चुलीखाली पुरलेला सोन्याचा हंडा, लग्नाला आलेली मुलगी. माल सगळा इथलाच वाटतो.

अडचण सुरुवातीची आहे. मूळ नाटक उघडतं ते घरातल्या देवाच्या, म्हणजे लारच्या, भाषणाने. तो सांगतो की म्हाताऱ्याच्या आजोबांनी सोनं चुलीत पुरलं आणि मरतानाही पोराला पत्ता लागू दिला नाही. पोराने देवाची आबाळ केली, म्हणून त्याला काही मिळालं नाही. नातू, म्हणजे आमचा युक्लिओ, तोही तसलाच. पण युक्लिओची मुलगी रोज काही ना काही वाहते. कधी धूप, कधी वाइन, कधी फुलांची माळ. तिचं लग्न मार्गी लागावं म्हणून देवाने बापाला हंडा सापडू दिला.

दिग्दर्शक म्हणतात, कापा. लोक मोबाईल बंद करेपर्यंत हे संपतं, आणि वर भाबडं वाटतं. मला ते काढल्यावर नाटक लंगडं दिसतं, पण का ते धड मांडता येत नाही. त्या काळचे रोमन लोक हे मनापासून घेत होते की ती नुसती विनोदाची सोय होती? आणि सुरुवातीच्या लॅटिन साहित्यात धर्म-नीतीचं गंभीर असं काही आहे का, की सगळी धमालच?

पेन्शनर_शनिवार_पेठ

कापू नका. दिग्दर्शकांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की हा उद्योग आधी झालेला आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६८ साली याच नाटकाच्या आधाराने आपला कंजूष रंगवला, त्यात देवाला जागा नाही. नाटक उत्तमच आहे, पण ते एका माणसाच्या खोडीचं नाटक झालं. प्लॉटसचं नाटक अख्ख्या घराचं आहे.

बँकेतून सुटल्यावर मला लॅटिनचा नाद लागला. लोएबची ती लाल पुठ्ठ्याची छोटी पुस्तकं, डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी. माझी गाडी उजव्या पानाला धरून चालते, तेव्हा पंडित समजू नका.

रोमन माणसाला 'तू हे मानतोस का' असं विचारलं असतं तर तो गोंधळला असता. केलंस का, ज्या दिवशी करायचं त्या दिवशी केलंस का, शब्द चुकले नाहीत ना, असं विचारा, मग उत्तर मिळेल. प्लॉटसच्याच काळातला रोमन पुढारी कॅटो, त्याचं शेतीवरचं पुस्तक बघा, लॅटिन गद्यातलं आपल्या हाती पूर्ण आलेलं सगळ्यात जुनं पुस्तक. ऑलिव्हचं तेल, खत, गुलामांचं रेशन यांच्या मधोमध मार्स देवाची प्रार्थना, शब्दन् शब्द लिहून दिलेली. डुक्कर, मेंढा, बैल शेताभोवती फिरवायचे आणि मग बळी द्यायचे. देवाचं समाधान झालं नाही असं दिसलं तर पुन्हा काय म्हणायचं, तेही दिलंय. आणि हाच कॅटो सांगतो की म्हातारा गुलाम आणि आजारी गुलाम विकून टाका. देवाशी चोख आणि माणसाशी असा. पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं तिथे.

आता तुमच्या नाटकातला फिदेसचा प्रसंग घ्या. फिदेस म्हणजे दिलेला शब्द पाळण्याची देवी, रोममध्ये कॅपिटॉल टेकडीवर तिचं देऊळ होतं. म्हातारा हंडा तिच्या देवळात लपवतो आणि तिला बजावतो की सोनं तुझ्याकडे ठेवलंय, नावाला जागायचं. हे एका गुलामाच्या कानावर पडतं. तोही त्याच देवीला हात जोडतो: त्याच्यापेक्षा माझ्याशी जास्त इमान राख, सोनं सापडलं तर मध घातलेल्या वाइनचं भांडं भरून वाहीन. आणि पुढच्याच दमात म्हणतो, वाहून झाली की मीच पिईन! नवस बोलणारे दोघंही, एक लोभी आणि एक चोर. पहिल्या प्रवेशातली माळ वाहणारी मुलगी प्रेक्षकाने ऐकलेलीच नसेल तर या प्रसंगाचा दंश कुठून येणार? लोक हसतील, पण नुसतं हसतील.

'रुडेन्स' नावाचं त्याचंच दुसरं नाटक वाचा. त्याची सुरुवात आर्क्टुरस हा तारा करतो. रात्री आकाशात, दिवसा माणसांत हिंडायचं आणि कोण खोटी शपथ घेतो त्याची नावं देवांचा राजा ज्युपिटरला कळवायची, हे त्याचं काम. खोट्या साक्षीवर जिंकलेला खटला ज्युपिटर पुन्हा चालवतो आणि जिंकलेल्या रकमेपेक्षा मोठा दंड ठोकतो. (ज्यांचे दावे कोर्टात लोळत पडलेत त्यांनी ही ओळ फ्रेम करून लावावी.) वर तो म्हणतो की दुष्टांना वाटतं भेटवस्तू नि बळी देऊन ज्युपिटरला गप्प करता येईल, पण त्यांची मेहनतही वाया जाते आणि पैसाही. हे विनोदी नाटकात, जत्रेच्या गर्दीसमोर.

अथेन्सवाला

काका, लिहिलंय छान, पण एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. प्लॉटस ग्रीक नाटकांवरून नाटकं करत होता. ग्रीक नाटककार मेनँडरचं 'डिस्कोलोस' बघा, इ.स.पू. ३१६. तिथे पॅन देव सुरुवातीला येऊन सांगतो की या खडूस म्हाताऱ्याची मुलगी अप्सरांची मनोभावे सेवा करते, म्हणून मी तिचं भलं करणार आहे. साचा तोच. मग ही रोमन नीती कसली? उसनं घेतलेलं आहे.

पेन्शनर_शनिवार_पेठ

गाळलं नाही, त्यावर येणारच होतो. साचा ग्रीक आहे, शंभर टक्के. पण त्या साच्यात बसवलेला देव बघा. पॅन डोंगरातला, गुहेतला. लार चुलीपाशी बसणारा. आणि हे प्लॉटसचं कवित्व नव्हे, याला पुन्हा कॅटो साक्षी आहे. शेतावरच्या कारभाऱ्याच्या बायकोने काय करायचं याची त्याने यादी दिलीय: महिन्याची पहिली तारीख, नोने आणि इदेस हे ठरलेले दिवस, शिवाय सणवार, या दिवशी चुलीवर माळ घालायची आणि ऐपतीप्रमाणे लारची प्रार्थना करायची. बाकी कुठलंही देवकार्य मालकाच्या हुकुमाशिवाय करायचं नाही. ग्रीकांच्या नावाने नाकं मुरडणाऱ्या माणसाने हे लिहिलंय. नाटकातली माळ आणि शेतावरची माळ एकच. फरक इतकाच की कॅटोची बाई नेमून दिलेल्या दिवशी घालते आणि प्लॉटसची मुलगी रोज. तो 'रोज' मला फार मोलाचा वाटतो.

आणि सगळे देवभोळे होते असंही समजू नका. एन्नियस या रोमन कवीच्या एका शोकांतिकेत टेलामोन नावाचं पात्र म्हणतं की देव आहेत असं मी म्हणत आलो आणि म्हणत राहीन, पण माणसं काय करतात याची त्यांना फिकीर नाही. असती तर चांगल्यांचं चांगलं आणि वाइटांचं वाईट झालं असतं, आणि तसं होत नाही. पुढच्या काळातला रोमन वक्ता सिसेरो सांगतो की या ओळींना थिएटरात टाळ्या पडायच्या. एन्नियस इ.स.पू. १६९ ला गेला, प्लॉटस १८४ च्या सुमारास. म्हणजे आर्क्टुरस आणि टेलामोन एकाच गावाने, एकाच काळात ऐकले.

सरकारही स्वस्थ नव्हतं. तुमच्या नाटकात आचारी मार खाऊन पळत येतो आणि ओरडतो की असल्या बॅकसच्या, म्हणजे दारूच्या देवाच्या नादाने बेभान झालेल्या, बायकांत मी कधी स्वयंपाकाला गेलो नव्हतो. इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटने त्या बॅकसच्या मेळ्यांवर बंधनं घातली. एका विधीला पाचाहून जास्त माणसं नकोत, दोन पुरुष आणि तीन बायका. तो हुकूम कोरलेला ब्राँझचा पत्रा आज व्हिएन्नात आहे.

मुळशीचा_गडी

नाटकातलं मला कळत नाही, पण कॅटोचं नाव वाचून थांबलो. देवराईवर वाचताना त्याचा उतारा भेटला होता. राईतली झाडं विरळ करायची तर आधी डुक्कर बळी द्यायचं आणि म्हणायचं, 'तू देव असशील किंवा देवी असशील, ही राई ज्याची कुणाची असेल...'. तिथे खणायचं असेल तर पुन्हा वेगळा बळी, आणि काम चालू असताना मध्ये खाडा पडला तर आणखी एक.

आमच्या गावच्या राईतून सुकी काटकीही कुणी उचलत नाही. गाडगीळ आणि वर्तक या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात आपल्या भागातल्या राया पाहून लिहिलं, त्याच्याही आधीपासूनची रीत आहे. देवळाच्या दुरुस्तीला एखादं झाड लागलं तर कौल लावतात. देवीला तांदूळ चिकटवतात आणि उजवा पडतो की डावा ते बघतात. डावा पडला की विषय संपला, सरपंच असला तरी. कॅटो विचारत नाही हो, कळवतो आणि पैसे भरतो. देवी नको म्हणाली तर काय, याची त्याच्या उताऱ्यात सोयच नाही.

पेन्शनर_शनिवार_पेठ

मुळशीकर, हे पटलं. तुमचं हे त्या छापील टिपांत मला कुठे दिसलं नव्हतं.

विंगेतली

सगळ्यांचे आभार. दिग्दर्शकांना थ्रेड पाठवला. ते म्हणतात भाषण ठेवू, पण निम्मं, आणि लार पूर्णवेळ चुलीपाशी बसून राहील. आता दुसरंच टोचतंय. मुलगी गरोदर आहे, धान्याची देवी सेरेस, तिच्या जागरणाच्या रात्री दारू प्यायलेल्या लिकोनिडीस नावाच्या तरुणाने केलेल्या जबरदस्तीमुळे. देवाला हे ठाऊक आहे आणि तो तिचं लग्न त्याच्याशीच जुळवतो. याला आजच्या प्रेक्षकासमोर कृपा कशी म्हणायची?

पेन्शनर_शनिवार_पेठ

म्हणू नका. त्या काळाचा तो निवाडा होता: मुलाला बाप मिळाला, मुलीला हुंडा मिळाला, घर सावरलं. आपल्याला तो पटत नाही आणि पटवून घ्यायचं कारणही नाही. ज्या मुलीसाठी देवाने हे सगळं मांडलं तिला प्लॉटसने रंगमंचावर आणलेलंच नाही. आतून कळांचा ओरडा ऐकू येतो, ती दाईला हाक मारते, बाळंतपणाची देवी जूनो ल्युसिना, तिचा धावा करते, संपलं. सगळं नाटक तिच्या नावाने आणि तिला दीडेक ओळ.

तुमच्या सुदैवाने मूळ शेवट हरवलेला आहे. पंधराव्या शतकात बोलोन्याच्या कोड्रो नावाच्या पंडिताने तो आपल्या मनाने लिहून जोडला, तेव्हा तुम्हीही जोडू शकता. सुट्या ओळी थोड्या उरल्यात, त्यातली एक म्हाताऱ्याची मानतात: रात्री ना दिवसा कधी निवांत नव्हतो, आता झोपेन. ती ओळ ठेवा, फार चांगली आहे. पण त्याच्या आधी मुलीला बाहेर आणा आणि लग्नाचं तिला विचारा, सगळ्यांच्या देखत. लार तिथेच बसलेला असेल, त्यालाही ऐकू दे. ती नाही म्हणाली तर हंडा कुणाचा, हे ठरवायला तुम्हाला एक तालीम जास्त लागेल.