शेततळ्यातलं डकवीड ताटात घ्यावं का?

तासगाव_बागाईत
गोठ्यामागं सिल्पॉलिन कागदाच्या वाफ्यात अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारा चारा, करतोय, म्हशी आवडीनं खातात. यंदा शेततळ्यावर डकवीड आलं. टिकलीपेक्षा बारीक पानं, बघता बघता सगळं पाणी हिरवं. माहिती काढली तर थक्क झालो. वाळवल्यावर वजनाच्या २० ते ४० टक्के प्रथिनं, शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात, आणि हवा-पाणी मानवलं तर दोन-तीन दिवसांत दुप्पट. आपण ते जाळीनं ओढून बांधावर टाकतो. शिंगाडा उपासाला चालतो, कमळकाकडी चालते, मग हे का नको? आमच्या वस्तीवर डाळीचं वरण दिवसेंदिवस पातळ होत चाललंय, म्हणून मनापासून विचारतोय.

मिरज_आहारतज्ज्ञ
दादा, तळमळ पटली, पण हिशोब अर्धाच मांडलात. ताज्या डकवीडमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. १०० ग्रॅम ताजं घेतलं तर कोरडा भाग ५ ग्रॅम, त्यात प्रथिनं दीड ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, म्हणजे एका अंड्याच्या बरोबरीला ४०० ग्रॅम पाला. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. भाजी म्हणून खाल्लं तर ठीक, पण त्याच्या भरवशावर डाळ कमी करू नका.

कराड_ओगलेवाडी
ताई, भाजी म्हणूनच खायचंय की! मी कामानिमित्त थायलंडला चियांग माईत होतो. तिथं ‘खाई नाम’, म्हणजे पाण्यातली अंडी, बाजारात मिळतात. कालवण करतात, अंड्याच्या पोळीत घालतात. चव मवाळ, दाताखाली बारीक कण लागतात. मी अनेकदा खाल्लंय, कधी त्रास झाला नाही. युरोपनंही २०२१ च्या डिसेंबरात त्याला परवानगी दिली. परक्याचं म्हणून नाक मुरडू नये.

मिरज_आहारतज्ज्ञ
भाऊ, ते वुल्फिया, डकवीडचाच एक प्रकार. तासगावच्या तळ्यावर बहुधा लेम्ना हा दुसरा प्रकार असणार. पानाखाली मूळ लोंबतंय का बघा, वुल्फियाला मूळ नसतं. लेम्नात अळूसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. मुतखडा असलेल्यांनी लांबच राहावं. रक्त पातळ करायची वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन के मुळं तिचा परिणाम बिघडू शकतो. आणि त्याच २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं लेम्नाच्या पावडरीला हिरवा कंदील दिला नाही. कारण त्यातलं मँगनीज.

हरिपूर_संगम
माझी भीती वेगळी आहे. ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ओढून स्वतःत साठवते. सांडपाणी शुद्ध करायला ती वापरतात ते त्याचमुळं. आम्ही कृष्णाकाठची माणसं. शेरीनाल्याचं, म्हणजे सांगलीच्या सांडपाण्याचं, पाणी नदीला मिळताना रोज बघतो. उद्या डकवीडला भाव आला, की कुठल्या डबक्यातलं काढून पाटीत भरलंय हे मंडईत कोण विचारणार? रसायनं उकळून जात नाहीत. जंत जातात, पण चटणी-कोशिंबिरीत कच्चं खाल्लं तर तेही पोटात. मी तरी माझ्या लेकरांच्या ताटात घालणार नाही.

तासगाव_बागाईत
नदीचं नाही हो ताई, माझं शेततळं आहे! कागद अंथरलेलं, वर कुठला नाला नाही.

कवठेमहांकाळ_द्राक्ष
बागेला लागूनच ना? मग छाटणीनंतर बुरशीसाठी बोर्डो मारता तो वाऱ्यानं कुठं जातो? बोर्डोत तांबं. एम-४५ मारता, म्हणजे मँकोझेब, त्यात मँगनीज आणि जस्त. वर मिरजच्या ताईंनी मँगनीजचंच सांगितलं. मी स्वतः बागाईतदार आहे, म्हणून कळकळीनं सांगतो: फवारणीच्या पट्ट्यातलं तळं खाण्याच्या पिकाला नको. म्हशीलाही जपूनच घाला.

कराड_ओगलेवाडी
हा मुद्दा बिनतोड. पण दोष पाण्याचा आहे, वनस्पतीचा नाही. झाकलेल्या टाकीत, तपासलेल्या पाण्यावर वाढवलं तर ही भीती उरत नाही. कधीतरी कुणीतरी सुरुवात करायलाच हवी.

आटपाडी_माणदेश
सुरुवात कशाला शोधताय? आमच्या माळावर पाणी नसताना हुलगा, म्हणजे कुळीथ, येतो, शंभराला वीस-बावीस प्रथिनं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, हुलग्यात भरपूर; भाकरी आणि हुलग्याचं माडगं एकत्र आलं की एकमेकांची उणीव भरते. इथं टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला पाण्यावरचं पीक सुचवू नका.

हरिपूर_संगम
आटपाडीकरांशी सहमत. आणि विकायचं म्हटलं तर २०१७ च्या नियमांनुसार, आपल्याकडं खाण्यात नसलेल्या अन्नाला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची आधी मंजुरी लागते. हे ध्यानात ठेवा.

तासगाव_बागाईत
विकायचं डोक्यात नव्हतंच. आज जाऊन बघितलं, मूळ आहे, म्हणजे लेम्नाच. बोर्डोचं मी धरलंच नव्हतं, ती चूक कबूल. तळ्यातलं आता म्हशीलाही घालत नाही. घराच्या मागच्या अंगाला, बागेपासून लांब, पाचशे लिटरची टाकी शेडनेटखाली ठेवतोय, पाणी बोअरचं. पाण्याची आणि वाळवलेल्या पाल्याची, दोन्हीची तपासणी करणार: शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, मँगनीज, तांबं. वुल्फियाचं बी-वाण खात्रीचं कुठं मिळेल, कुणाला माहीत असेल तर सांगा. तोवर घरात हुलगाच.

मिरज_आहारतज्ज्ञ
टाकीत शेणाची स्लरी घालू नका, अझोल्याला घालायची सवय इथं नको. पाल्याची तपासणी एकदा करून थांबू नका; उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की क्षार वाढतात, तेव्हा पुन्हा करा.