ब्लाउज शिवते. फोन सोडता येत नाही आणि काम मागे पडतंय, काय करू?

शिलाई_वडगाव
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला राहते. घरातल्या पुढच्या खोलीत १४ वर्षं ब्लाउज शिवते. अस्तराची साधी ब्लाउज असली तर दिवसाला ६ निघायची. गेल्या वर्षभरात ४ वर आले. या लग्नसराईत एका नवरीच्या आत्याचं ब्लाउज हळदीच्या दिवशी सकाळी पोचवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझी मान वर झाली नाही. मशीन तेच, हात तेच. फरक एवढाच की फोन आता मशीनच्या फळीवर असतो.

बंद करून ठेवा असं सांगू नका, गिऱ्हाईक त्यावरच आहे. चंदगडकडच्या, गोव्यातल्या बायका गळ्याचे फोटो पाठवतात, पैसेही फोनवरच येतात. फोटो बघायला म्हणून हातात घेते आणि अर्धा तास रील बघण्यात जातो. परवा त्याच नादात दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. कापड गिऱ्हाइकाचं, तसलं दुसरं खडेबाजारात फिरूनही मिळालं नाही. ॲप सुचवा, सवय सुचवा. मुलगा सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, फोन ठेव असं त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

उद्यमबाग_टर्नर
ताई, मी उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) आहे. आमच्या शेडमध्ये फोन दारातल्या कप्प्यात ठेवून आत जायचं. नियम आला तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो. घरचा अडचणीचा फोन आला तर? म्हणून सुपरवायझरचा नंबर घरी दिला. पहिले काही दिवस हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. नंतर थांबला.

सायलेंट करून जवळ ठेवून भागत नाही बघा. उठून चालत जावं लागेल इतका लांब पाहिजे. स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवा आणि चार्जरही तिथंच लावा, म्हणजे फोन परत मशीनजवळ येणार नाही.

गुरुजी_खानापूर
वरचं बरोबर आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केला होता. जवळपास ८०० जणांना लक्ष लागेल अशी कामं दिली. काहींचा फोन समोर टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत, आणि आवाज सगळ्यांचे बंद. दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांची कामगिरी सर्वांत चांगली आली. फोनकडे बघायचं नाही हे मनाला सांगत राहण्यातही शक्ती खर्च होते, असा त्यांचा निष्कर्ष. नंतरच्या काही प्रयोगांत फरक इतका ठळक दिसला नाही हेही सांगायला हवं. पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट तुटलेल्या कामाची. ग्लोरिया मार्क या संशोधिकेनं ऑफिसातल्या लोकांचं निरीक्षण केलं, तेव्हा अडवलेल्या मूळ कामावर परत यायला सरासरी २३ मिनिटांच्या आसपास लागत होती.

फॉल_पिको_निपाणी
गुरुजी, ऑफिसचा आकडा शिलाईला लावू नका. सरळ शिवण मारताना फोन बघितला तर मिनिटात परत लागते. कटिंगच्या वेळी मात्र २३ मिनिटंही कमीच. मापं डोक्यात धरलेली असतात, ती सांडली की टेप पुन्हा पहिल्यापासून लावायचा. ताई, बाह्या कटिंगलाच चुकल्या ना? मग दिवसभर भांडू नका, फक्त कटिंगचे दोन तास राखा.

आणि एक सांगते, माझं झालंय. मी कुणाला न सांगता फोन आतल्या खोलीत ठेवायला लागले आणि दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्यांना वाटलं मी टाळते. आधी सांगा, मग लांब ठेवा.

मोबाईलवाला_चिकोडी
सांगायचं काम फोनलाच लावा. साधं व्हॉट्सॲप काढून त्याच नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, पण आधी चॅटचा बॅकअप करा. त्यात अवे मेसेज असतो. वेळ ठरवून द्यायची, त्या वेळात कुणाचा मेसेज आला की आपोआप उत्तर जातं. मजकूर मराठीतच लिहा: "कटिंग चालू आहे, १ वाजता आणि ५ वाजता फोटो बघून उत्तर देते."

मग फोनचा आवाज बंद ठेवणारं डू नॉट डिस्टर्ब लावा. त्यात घरच्यांचे नंबर स्टार करून चालू ठेवता येतात. रिपीट कॉलर्सही चालू करा. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो, म्हणजे कॉलेजातून किंवा दवाखान्यातून आलेला फोन चुकत नाही. लोक हे करत नाहीत आणि भीतीनं फोन मांडीवर ठेवतात.

सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग बघा, रीलच्या ॲपला दिवसाचा टायमर लागतो. तो काढणंही सोपं आहे, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. माझं मत विचाराल तर ते ॲप काढून टाका आणि पाहिजेच तेव्हा ब्राउझरमधून बघा. पासवर्ड घालायचा कंटाळाच निम्मं काम करतो.

माई_येळ्ळूर
बाळ, सगळ्यांनी युक्त्या सांगितल्या. मी एक विचारू? दिवसभर खोलीत एकटीच असतेस का गं?

मी ३० वर्षं शिवलं. तेव्हा आमच्या कट्ट्यावर चार बायका बसायच्या. कुणी हुक लावतंय, कुणी काजं करतंय, बोलणं चालूच. हात आणि डोळे कामात असतात, कान रिकामे असतात. आता कट्टा गेला आणि त्या रिकाम्या कानांसाठी आपण फोन घेतो, पण तो डोळेच पळवतो. तू कानाला काहीतरी दे. मी अभंग लावायचे, कीर्तन लावायचे. जुना रेडिओ असेल तर तो काढ, नाहीतर छोटा स्पीकर घे, पण पडदा नको. आणि शेजारची कुणी हुक लावायला येत असेल तर दुपारी बोलाव, चार पैसे तिलाही मिळतील.

बस्तवाड_कर
मुलाचं म्हणाल तर सुवर्ण विधानसौधजवळच्या हलगा गावात संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून ९ पर्यंत टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. तिकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्येच असं केलं होतं. एकट्या पोराला बंदी घातली की त्याला शिक्षा वाटते, सगळ्या घराची वेळ ठरली की वाटत नाही. तुमचं वडगाव शहरातलं, भोंगा कोण वाजवणार? पण घरापुरता दिव्याच्या वेळेचा नियम करता येईल. तुमचा फोनही त्यात आला पाहिजे.

गुरुजी_खानापूर
भर घालतो. एखाद्याची झोप, जेवण, अभ्यास सगळंच फोनपायी मोडलं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून याच त्रासासाठी शट क्लिनिक आहे. १४४१६ या टेली-मानस नावाच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फुकट बोलता येतं.

शिलाई_वडगाव
१८ दिवसांनी लिहिते. माईंचं वाचून रडू आलं होतं, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. सासूबाई गेल्यापासून दुपारी घरात कुणी नसतं, हे मी स्वतःशीही बोलले नव्हते.

फोन आत कपाटावर. १० ते १२ फक्त कटिंग. अवे मेसेज लावलाय. पहिल्या आठवड्यात दोघीजणी रागावल्या, एकीला फोन करून समजावलं. मागच्या गल्लीतली एक मुलगी ३ ते ५ हुक लावायला येते. काल ५ ब्लाउज झाली, परवाही ५. बाही एकही चुकली नाही. रात्री अंथरुणात मात्र अजून बघते, तेवढं जमलेलं नाही. त्यावर कुणाचं काही असेल तर लिहा.

मुलाला काही बोलले नाही. परवा ७ वाजता त्यानं आपला फोन आणून माझ्या फोनशेजारी ठेवला आणि पुस्तक घेऊन मशीनच्या खोलीत येऊन बसला.